अजून एक अट

अजिंक्यचं घड्याळ अजून घेतलेलं नव्हतं, तरी लग्न झाल्यापासून ते घरात होतं. निळी तबकडी, पोलादी पट्टा आणि टकटक न करता तेलावरून घसरत गेल्यासारखा फिरणारा सेकंदकाटा. मनस्वीने ते कधी हातात घेतलं नव्हतं, पण दुपारी पडल्या पडल्या डोळे मिटले की तिला ते दिसायचं. आरशापुढच्या फळीवर, खिडकीच्या गजाला, कधी लेकीच्या, कृतीच्या झोळीच्या दोरीला अडकवलेलं.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोघं रत्नागिरीच्या किल्ल्यावर गेली होती. भगवतीचं दर्शन घेऊन तटावर बसल्यावर अजिंक्यने त्या घड्याळाची गोष्ट सांगितली. पहिल्या बोटीवर तो शिकाऊ होता. जेवणाच्या टेबलाशी समोर म्हातारा चीफ इंजिनिअर बसायचा आणि डाळीचं भांडं पुढे सरकवताना त्याच्या बाहीतून ते निळं डोकावायचं.

"मी जेवायचं विसरायचो," अजिंक्य म्हणाला होता. "एक दिवस घ्यायचं, मनू. ऐपत झाली की."

खाली समुद्र इतका शांत होता की मनस्वीला वाटलं, ऐपत म्हणजे समोर दिसते तशी एक रेघ असणार, चालत राहिलं की तिथे पाय लागणार. ती तेव्हा कॉलेजात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवायची. उत्पन्न, खर्च, बचत, सगळ्यांच्या व्याख्या तिला पाठ होत्या. ऐपतीची व्याख्या मात्र कुठल्या पुस्तकात आली नव्हती.

बोटीवरच्या माणसाचा पगार बोटीवर असेपर्यंतच. घरी आला की पगार थांबतो, तो कंपनीचा पुन्हा फोन येईपर्यंत. एरवी दोन-तीन महिन्यांत फोन येतो. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सगळं जगच बंद पडलं आणि फोन येईना. वर्षाहून जास्त अजिंक्य घरी बसला. ओहोटीला पाणी सावकाश मागे जातं आणि एकेक खडक उघडा पडत जातो, तसे ते दिवस गेले. तो फोनकडे बघायचा, ती फोनकडे बघायची, आणि आपण बघतोय हे दोघं एकमेकांना कळू द्यायची नाहीत. शेवटी फोन आला. बुडालं काहीच नाही. पण मनस्वीच्या डोळ्यांना तेव्हापासून एक सवय लागली. वस्तू दिसायच्या आधी तिला त्या वस्तूचे किती येतील ते दिसायचं. हातातल्या बांगड्या, दारातली गाडी, पालीला घेतलेला जमिनीचा तुकडा, सगळं तिच्या मनात विकायच्या भावाने मांडून ठेवलेलं होतं.

म्हणून घड्याळाचा विषय निघाला की ती नाही म्हणायची नाही, अट घालायची. आधी पडवीवर पत्रे घालू. घातले. आधी वर्षभर बसावं लागलं तरी पुरेल एवढं बाजूला टाकू. टाकलं, जरा जास्तच टाकलं. आधी बाळंतपण होऊ दे. कृती झाली, झोळीत जेमतेम मावेल एवढी झाली. आधी तुझं प्रमोशन होऊ दे. तेही झालं, अजिंक्य सेकंड इंजिनिअर झाला. प्रत्येक वेळी तो "बरं" म्हणायचा आणि त्या "बरं"चा आवाज दर वेळी थोडा हलका व्हायचा. प्रमोशनची बातमी आली त्या दिवशी मनस्वीने पेढे वाटले, देवापुढे साखर ठेवली, आणि मग ओट्याशी उभं असताना तिच्या लक्षात आलं की आपल्याकडच्या अटी संपल्या.

फेब्रुवारीतली दुपार होती. भाट्याच्या खाडीवर धुरकट ऊन पडलं होतं आणि पलीकडच्या बागांतला मोहोराचा वास असा आत येत होता की माणसाला जागेपणीच गुंगी यावी. कृती झोळीत झोपली होती. सासूबाई, मालनताई, पडवीत पाट मांडून ओले काजू सोलत होत्या. त्यांचं माहेर नाट्याचं, बोटींचं गाव, आणि नवराही बोटीवरचाच. त्यामुळे घरातला पुरुष समुद्रावर असणं त्यांना घराला चार भिंती असण्याइतकं साधं वाटायचं. मनस्वीला ते अजून जमलं नव्हतं. तिचं निम्मं मन नेहमी बोटीच्या वेळेत असायचं. इथे भाताला उकळी यायची तेव्हा तिकडे ऊन उतरलेलं, इथे दिवा लावायची तेव्हा तिकडे तो झोपलेला. आपण एकाच दिवसात दोनदा राहतो, असं तिला कधीकधी वाटायचं, आणि दोन्हीकडे जरा उशिरा पोचतो.

फोन वाजला. सासूबाई समोर होत्या, म्हणून ती म्हणाली, "अहो, बोला."

"दुकानात उभा आहे, मनू," अजिंक्य म्हणाला.

"कुठल्या?" तिने विचारलं, जसं काही तिला कळलंच नव्हतं.

"सिंगापूरला. बोटीत तेल भरतायत, चीफने सोडलंय. संध्याकाळच्या लाँचने परत जायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तेच आहे. निळं."

ती फोन घेऊन आत गेली. आता 'अहो'ची गरज नव्हती. त्याने कॅमेरा फिरवला. काचेखाली पांढऱ्या उजेडात घड्याळं अशी निजवलेली होती की तिला बर्फावर मांडलेली पापलेटं आठवली. काळ्या सुटातला एक माणूस हातमोजे घालून अदबीने उभा होता. आणि मधोमध ते. इतकी वर्षं मनात पाहिलं होतं त्याहून लहान होतं. काटा खरंच घसरत होता.

"चांगलंय," ती म्हणाली.

"मी विचारून ठेवलंय," अजिंक्य घाईने म्हणाला. तो तिला ओळखून होता. "बॉक्स आणि कागद नीट जपले, ओरखडा पडू दिला नाही, तर उद्या विकायला काढलं तरी बरेचसे पैसे परत येतात. म्हणजे पैसे कुठे जात नाहीत. नुसते हातावर राहतात."

"आणि इंजिनरूममध्ये घालशील?"

"तिथे नाही चालत. धातूचं काही अंगावर नको असतं. अंगठीसुद्धा काढून ठेवतो मी."

"मग कुठे घालणार?"

"जेवायला जाताना." तो म्हणाला. "बोटीची घड्याळं सारखी मागेपुढे करत राहतात गं. हे मी घरच्या वेळेवर लावून ठेवीन. कधी हलवायचं नाही."

"ते दोनशे रुपयांचं घड्याळही दाखवेल."

"दाखवेल," तो म्हणाला आणि हसला. "खरंय. दाखवेल."

पुढे सांगण्यासारखं कारण त्याच्याकडे उरलं नव्हतं. त्याला ते हवं होतं, एवढंच. मनस्वीला वाटलं, आपण त्याच्या खिशात हात घालून एकेक कारण बाहेर काढून टाकलं आणि आता तो नुसता उभा आहे.

"मनू, हो म्हण नाहीतर नाही म्हण," तो म्हणाला. "या वेळी अट नको घालूस. तू नाही म्हणालीस तर मी परत विचारणार नाही. रागाने नाही सांगत. डोक्यातून काढून टाकेन, बस. मलाही सुटल्यासारखं होईल."

"थोडा वेळ दे," ती म्हणाली. "कृती उठायला आलीय."

कृती गाढ झोपली होती.

फोन ठेवून मनस्वीने वर पाहिलं. छप्पर गळत नव्हतं. गळत असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिने भिंती पाहिल्या, ओल नव्हती. कृतीच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. घरातली प्रत्येक गोष्ट तिच्याकडे निरोगी, भाबड्या चेहऱ्याने बघत होती आणि एकही तिच्या मदतीला यायला तयार नव्हती.

"काय म्हणतंय अजू?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

ती पडवीत येऊन खांबाला टेकली. "घड्याळ घेऊ का विचारतायत. भारीतलं."

"घेऊ दे की. फक्त इकायला सोपं असंल ते घे म्हणावं."

"विकायला कशाला घेतील, आई?"

"मग कशाला घेतात?" मालनताईंनी मान वर केली. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. "तुज्या सासऱ्यांनी आणलंनी नव्हतं? सोनेरी, कुवेतवरना. त्या येळेला बोटीवरचा जो तो एक घड्याळ घेऊन यायचा. शोभेला नाय गो. बँक व्हती ती, हातावरची. बोट मिळंना झाली की मुंबईला जायाचं, इकून यायाचं आणि बसून खायाचं."

"मग ते विकलं?"

"तर काय. अजू पोटात व्हता तेव्हा." काजूचा चीक लागू नये म्हणून त्यांनी बोटांना पुन्हा खोबरेल चोळलं. "काय बोलले नायत. पण मनगटावर पांढरा पट्टा राहिला व्हता, ऊन न लागलेला. बोलता बोलता त्यावर बोट फिरवीत बसायचे. कुणी येळ इचारलान की हात वर करून बघायचे, आणि मग आपलेच हसायचे."

"पुन्हा नाही घेतलं?"

"घेतलंनी की. दोनदा. पण मग घालीत नव्हते. पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे. मी म्हटलं, घाला जरा, लोक बघतील. तर म्हणाले, इकायचंच हाय तर त्याच्यावर जीव कशाला लावा."

एवढं सांगून त्या पुन्हा काजूंकडे वळल्या, जणू काही फार मोठी गोष्ट सांगितली नव्हती.

मनस्वी आत येऊन झोळीजवळ बसली आणि दोरी धरून हळूहळू झोका देऊ लागली. झोळीच्या कापडातून कृतीच्या टाचेचा गोल दिसत होता. मोहोराचा वास, दोरीची करकर, दूर खाडीत एखाद्या होडीचं मशीन. तिची मान कधी भिंतीला टेकली ते तिला कळलं नाही.

खाडीला भरती आली होती. पाणी दारापर्यंत आलं होतं आणि स्वच्छ होतं, आणि त्याच्या तळाशी त्या दुकानातली काचेची कपाटं ओळीने लावलेली होती. निळ्या तबकड्यांवरून मासे जात होते. मग कमरेइतक्या पाण्यातून माणसं येताना दिसली. नाट्याची, मिऱ्याची, कुठकुठल्या बंदरांची, सगळी बोटीवरची, सगळी उन्हाने रापलेली. प्रत्येकाच्या मनगटावर एकेक पांढरा पट्टा होता. सगळ्यांत पुढे सासरे होते, महिपत. तिने त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं, तरी ओळखलं. ते अगदी नम्रपणे म्हणाले, किती वाजले, बाय? तिला सांगता येईना. त्यांच्या मागे अजिंक्य होता. तिने घाईने त्याचा हात धरून पाहिला. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं आणि पांढरा पट्टाही नव्हता. सगळा हात एकाच रंगाचा होता, कोपरापासून बोटांपर्यंत, जिथे कधीच काही नव्हतं असा. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "बरं." आणि तो आवाज इतका हलका होता की पाण्यावर तरंगला.

ती जागी झाली तेव्हा हात अजून दोरीवर होता आणि झोका चालूच होता.

ती घाबरली होती. पैसे जातील ही तिची नेहमीची भीती, तशी ही नव्हती. ती उठून पाणी प्यायली. फोन पाहिला, त्याचा काही निरोप नव्हता. तो वाट बघत असेल, किंवा वाट बघायचं थांबला असेल.

बाहेर सासूबाई सोललेले काजू धूत होत्या. "तो डबा दे गो," त्या म्हणाल्या. "तो नको, तो शेजारच्या सखूचा हाय. नाव बघ त्याच्यावर. परत द्यायचाय."

मनस्वीने डबा उलटा करून पाहिला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, सखू, आणि खाली साल. तिने दुसरा डबा दिला आणि तिथेच उकिडवी बसली.

"आई, घड्याळ विकलं त्या वर्षी भांडीपण विकावी लागली होती ना?"

"पितळी सगळी गेली. न्हाणीतला हंडा तेवढा राहिला."

"तो का राहिला? तांब्याचा, चांगला जड आहे."

"त्याच्यावर माजं नाव. लग्नात बापाशीनं घातलान, सौ. मालन. भांडी मोडीत घेणाऱ्यानं वाचलान आणि म्हणालान, आजी, ही मालन कोण, ती रडंल. मी म्हटलं, मेल्या, आजी कुणाला म्हणतोस, मालन मीच, आणि तीस वर्षांची हाय. तर म्हणालान, मग तर मी घेतच नाय." त्या हसल्या, अगदी खालच्या आवाजात, अंग हलवून. "दुसऱ्या दिवशी दुसरा आला व्हता. पण तोवर माजंच मन फिरलं. नाव दिसलं की इकवत नाय. भाव इचारायलाच जीभ उचलत नाय."

मनस्वीने सखूच्या डब्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग तिने फोन लावला, आत न जाता, तिथेच पडवीत.

"कुठे आहेस तू?" 'अहो' म्हणायचं राहिलंच. सासूबाईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही.

"बाहेर बाकावर. दुकानात उभं राहायची लाज वाटायला लागली. तो माणूस फार चांगला आहे गं, त्याने पाणी आणून दिलं."

"परत आत जा. घे ते."

मागे कुठेतरी परक्या भाषेत घोषणा चालली होती.

"ऐकलंस का? घे म्हणतेय. फक्त एक..."

"मनू, अट नको."

"अट म्हण काहीही म्हण. त्याच्या मागे नाव घालून घे."

"कसलं नाव?"

"कोरून. भांड्यावर घालतात तसं."

तो हसायला लागला, मग थांबला. ती हसत नव्हती हे त्याच्या लक्षात आलं. "अगं, वेडी आहेस का? त्याची सगळी किंमत ते कोरं असण्यात. नाव घातलं की विकायला गेल्यावर कोण..."

"म्हणूनच."

मनस्वीला बोलायला अवघड जात होतं. वर्गात साठ मुलांपुढे बोललेली ती, पण आता एकेक शब्द हाताने उचलून ठेवावा लागत होता. "माझ्याकडे आलं ना, अजू, की मी ते मांडून ठेवणार. बांगड्यांच्या शेजारी, पालीच्या जमिनीशेजारी. तू जेवायला बसशील आणि मी तुझ्या हातावर पैसे बघत बसेन. मला सवयच आहे ती. आणि मला तसं बघताना पाहून तू ते काढून कपाटात ठेवशील. मी तुला ओळखते. मला ते मोजताच येणार नाही असं करून आण. तसं येत असेल तर आपल्याला परवडतंय. नाहीतर अजून परवडत नाही."

"आणि कधी खरंच वेळ आली तर?"

भीती आली. ती नेहमीच्या वाटेने आली. मनस्वीने तिला येऊ दिलं. वर्षभराचं बाजूला ठेवलेलं होतं, बांगड्या होत्या, पालीचा तुकडा होता. तेवढं विकून झालं की मग पुढे घड्याळ यायला हवं होतं. तिथे ती थांबली.

"तर बाकीचं विकू," ती म्हणाली.

मग फोन चालूच राहिला. तो चालत होता, कॅमेऱ्यात जमीन हलत होती, त्याचे काळे बूट, सरकता जिना. पुन्हा ते पांढऱ्या उजेडाचं दुकान. हातमोजेवाल्या माणसाला अजिंक्यने इंग्रजीत समजावलं. त्या माणसाचा चेहरा आधी अदबीचा होता, मग काळजीचा झाला.

"तो म्हणतोय परत विचार करा. मागे नाव घातलं की निम्मी किंमत इथेच उतरेल."

"त्याला सांग, उतरू दे."

"ते लोक इथे करत नाहीत म्हणे. खालच्या मजल्यावर पेनांवर नावं कोरणारा एक जण बसतो, तो करेल. पण हा हात लावायला तयार नाही." अजिंक्यचा आवाज शाळेतून पळालेल्या मुलासारखा झाला होता. "कृतीचं नाव घालू ना?"

"नाही. तुझं."

"तुझं आणि माझं?"

"अजू, घरातलं सगळं माझं, तुझं आणि कृतीचं आहे. ज्याचं भांडं त्याचं नाव असतं."

"आणि साल घाल म्हणावं," सासूबाई पाटावरून म्हणाल्या. "सालाशिवाय भांडं पुरं होत नाय."

पेनवाल्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. त्याने घड्याळ उलटं करून एका छोट्या शिकंज्यात बसवलं, डोळ्याला भिंग लावलं. त्याला देवनागरी येत नव्हती, म्हणून अजिंक्यने कागदावर मोठं करून लिहून दिलं. मशीन सुरू झालं आणि रत्नागिरीच्या पडवीत बारीक गुणगुण ऐकू यायला लागली, मोहोरावरच्या माशीसारखी. झोळीत कृती जागी झाली. रडली नाही. मनस्वीने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. आधी 'अ' उमटला, वाकडा, कुणा परक्याने पहिल्यांदाच काढलेला. मग बाकीचं. जोडाक्षरापाशी तो माणूस अडला, कागदाकडे बघून पुन्हा वाकला.

मनस्वी बघत होती आणि वाट बघत होती की आता आतून कुणीतरी विचारेल, किती गेले. दुपार सरकत होती. खाडीवरचं ऊन पिवळं झालं होतं.

"झालं," अजिंक्य म्हणाला. त्याने घड्याळ मनगटावर चढवलं, पण लगेच हात वर केला नाही. पट्टा मिटवून थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"दाखव की," ती म्हणाली.

"नाव आत गेलं. आता दिसत नाही. हाताला लागतंय फक्त, थोडं खरखरीत."

"घरची वेळ लाव."

तो लावू लागला. सिंगापूरची संध्याकाळ हळूहळू मागे फिरली आणि काटे रत्नागिरीच्या दुपारी येऊन थांबले. कृतीने पडद्यावर बोट ठेवलं, घड्याळावर नाही, बापाच्या नाकावर.

"लाँच चुकेल तुझी," मनस्वी म्हणाली. "जा आता."